भिंगरीचा डावा हात

तिला सगळे भिंगरी म्हणत. नाव ठेवलं होतं थोरल्या भावानं. पोर चालायला लागली ती थांबायचं नावच घेईना, म्हणून भिंगरी. पुढे शाळा झाली, केस कापायचं शिक्षण झालं, लग्न झालं, तिच्या स्वतःच्या केसांत पांढरं डोकावलं, तरी नाव काही सुटलं नाही. चार घास झाले की ती ताटावरून उठायची, खिडकी लावायची, पुन्हा बसायची, पुन्हा उठून तीच खिडकी उघडायची. नवरा म्हणायचा, "अगं, तुझ्यापेक्षा आमची लिफ्ट बरी. मधे मधे तरी बंद पडते."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मोजकं बोलायचा आणि दिवसभर उंच इमारतींच्या पोटात तारा, कप्प्या तपासत हिंडायचा.

तिचं दुकान चौकात होतं. दोन खुर्च्या. एक तिची, दुसरी मैत्रिणीची. मैत्रीण अंगानं चांगली भरलेली, त्यामुळे अर्थातच तिचं नाव बारकी. बारकी स्टुलावर बसून सावकाश केस कापायची. भिंगरी खुर्चीभोवती फिरत राहायची आणि तोंडाचा पट्टा चालू. लहान मुलं तिच्याकडे रडत नसत. तिचा डावा हात मुलाच्या डोक्यावर असा फिरायचा की कात्री कधी चालली ते पोराला कळायचंच नाही. आया मुद्दाम वाकडी वाट करून मुलांना तिच्याकडे आणायच्या.

त्या दिवशी दुकानातला मोठा आरसा उतरवायचा होता. मागच्या भिंतीला ओल आली होती. नवरा सकाळी निघताना म्हणाला, "संध्याकाळी मी येतो, दोघं मिळून काढू." संध्याकाळपर्यंत थांबली तर ती भिंगरी कसली! बारकी चहा आणायला गेली तेवढ्यात तिनं स्टूल ओढलं, वर चढली आणि स्क्रू सैल केले. शेवटचा स्क्रू निघाला आणि आरसा तिच्या अंगावर आला. तो सावरायला तिनं डावा हात पुढे केला. बारकी चहा घेऊन परतली तेव्हा भिंगरी जमिनीवर बसलेली होती, आणि तिला असं एका जागी बसलेलं पाहूनच बारकीच्या तोंडचं पाणी पळालं. रक्त नंतर दिसलं.

मनगटाच्या वरपासून कोपराच्या दिशेनं हात चिरला होता. आतली एक नस, त्वचेकडून खबरा आणणारी, तुटली होती. शल्यचिकित्सकानं ती जोडली, वरून टाके घातले. टाके निघाले तेव्हा व्रण इतका सुरेख बसला होता की त्यानं शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवला. भिंगरीलाही बरं वाटलं. बोटं हलत होती, कंगवा धरता येत होता. तिनं पुन्हा दुकान गाठलं.

त्यानंतर सुरू झालं ते वेगळंच.

आधी बाहीचा कपडा टोचायला लागला. मग टोचणं जाऊन भाजणं आलं. पंख्याचा वारा हातावर आला की जणू कुणी तापलेली सळई वरून फिरवतंय. आणि गंमत अशी, की तोच हात दुसऱ्या हातानं गच्च दाबून धरला तर काही वाटायचं नाही. जोरात दाबलेलं चालायचं, हळुवार काही चालायचं नाही. कापूस नको, फुंकर नको, साबणाचा फेस नको. केस तर नकोच नको. आणि तिचा धंदा केसांचा.

ती कुणाला बोलली नाही. दातावर दात धरून कापत राहिली. मग एक दिवस एक चिमुरडी खुर्चीत बसली होती, पाय हलवत, खुशीत. भिंगरीनं तिची बट बोटांत धरली, कात्री चालवली, आणि कापलेल्या केसांचा झुपका स्वतःच्याच डाव्या मनगटावर पडला. भिंगरी किंचाळली. कात्री फरशीवर आपटली. पोरगी घाबरून रडायला लागली, रडता रडता तिला उचकी लागली. तिच्या आईनं अर्धवट कापलेल्या केसांसकट तिला उचललं आणि निघून गेली.

बारकी म्हणाली, "तू थोडे दिवस घरी बस गं."

"घरी बस" हे भिंगरीला सांगणं म्हणजे माशाला जरा बाहेर येऊन बस म्हणण्यासारखं. पण दुकानात उभं राहायची तिची हिंमत संपली होती.

घरात ती येरझाऱ्या घालू लागली. स्वयंपाकघर ते बाहेरची खोली, तिथून गॅलरी, परत. तिनं सगळ्या कपड्यांच्या डाव्या बाह्या कापून टाकल्या. पंखे बंद, खिडक्या बंद. नवऱ्यानं चालताना तिची उजवी बाजू धरायला सुरुवात केली, न सांगता. तरी एकदा चुकून, पाण्याचा पेला देताना त्याच्या बोटांचा तिच्या हाताला नुसता ओझरता स्पर्श झाला. तिनं त्याच्या थोबाडीत मारली. मारल्यावर तिला कळलं की आपण मारलं. तो गालावर हात ठेवून उभा राहिला.

"अहो..." ती म्हणाली.

"असू दे," तो म्हणाला. "पेला तरी फुटला नाही." आणि तो गॅलरीत जाऊन बराच वेळ रस्त्याकडे बघत उभा राहिला. तिला त्याच्याजवळ जायचं होतं. पण जवळ जाऊन करणार काय? हात ठेवायचा म्हटलं तरी पंचाईत.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून येताना प्लास्टिकच्या रुंद पाइपाचा तुकडा घेऊन आला. उभा अर्धा चिरलेला, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, कोपराजवळ आणि तळहाताशी बांधायला पट्टे. हात आत राहायचा, आणि हाताला कशाचाच स्पर्श व्हायचा नाही. ती तो घालून आरशासमोर उभी राहिली. "सांडपाण्याचा नळ वाटतेय मी," ती म्हणाली. आणि कितीतरी दिवसांनी दोघं हसले.

डॉक्टर झाले. एक म्हणाला, जखम तर झकास भरली आहे. दुसऱ्यानं दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या, त्यांनी पोट बिघडलं आणि आग तशीच राहिली. तिसऱ्यानं मन शांत करणाऱ्या गोळ्या दिल्या. त्या घेऊन ती दुपारभर पेंगायची, आणि पेंगतानाही हात पेटलेलाच. शेवटी त्यानं चष्मा काढून मवाळ आवाजात सुचवलं की एकदा मनाच्या डॉक्टरांना भेटा. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली. एक जाऊबाई तर तोंडावरच म्हणाल्या, "दाबलेलं चालतं आणि फुंकर चालत नाही? असं कुठं असतं का?"

भिंगरीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगायचं तर तिच्याही मनात तोच प्रश्न होता. असं कुठं असतं का? आपणच तर हे तयार करत नाही ना? आरसा पडल्याची भीती हातात जाऊन बसली आहे का? या शंकेनं तिला हाताच्या आगीइतकंच पोळलं.

तिच्या भावाची मुलगी त्याच शहरात राहायची. ती एका प्रयोगशाळेत काम करायची, चेतापेशींवर. घरात कुणालाच ते नीट समजलेलं नव्हतं. भाऊ लोकांना सांगायचा, "ती उंदरांची डॉक्टर आहे." भाची सारखी कामात, त्यामुळे आत्याच्या हाताला लागलंय एवढंच तिला माहीत होतं. त्या आठवड्यात ती भेटायला आली आणि आत्याच्या हातावर पाइप बघून दारातच थबकली.

"हे काय, आत्या?"

भिंगरी येरझाऱ्या घालत घालत सगळं बोलली. डॉक्टर, गोळ्या, जाऊबाई, थोबाडीत. भाचीनं खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाली, "पाइप काढशील? मी विचारल्याशिवाय हात लावणार नाही."

तिनं आधी विचारून अंगठ्यानं हात दाबला. काही नाही. मग रुमालाच्या धाग्याचं टोक नुसतं टेकवलं. भिंगरीनं हात झटकून मागे घेतला, डोळ्यांत पाणी.

"नाटक नाही हे," भाची म्हणाली. "आत्या, मी रोज हेच बघते."

"काय बघतेस?"

भाचीनं टेबलावरची मिठाची बाटली जवळ ओढली. "मिठात दोन वस्तू असतात. सोडियम आणि क्लोराइड. त्यातलं क्लोराइड धर. तुझ्या हाताकडून येणारी खबर थेट मेंदूत जात नाही. पाठीच्या कण्यात मज्जारज्जू असतो, तिथे आधी थांबते. तिथे काही पेशी खबर पुढे ढकलणाऱ्या असतात, आणि काही नुसत्या 'गप्प बस' म्हणणाऱ्या. कपड्याचा स्पर्श, वारा, केस, असल्या किरकोळ खबरा दुखण्याच्या वाटेला लागू नयेत हे काम त्या गप्प करणाऱ्यांचं."

"मग?"

"त्या शेजारच्या पेशीवर एक रसायन सोडतात. त्यानं त्या पेशीची बारीक दारं उघडतात. बाहेर क्लोराइड भरपूर, आत कमी. म्हणून ते आत घुसतं. ते ऋण भाराचं असतं, ते आत आलं की पेशी निवते, गप्प बसते. पण हे कधी जमेल? आत क्लोराइड मुळात कमी असेल तर ना! ते कमी ठेवायला पेशीच्या अंगावर पंप असतात. दिवसरात्र क्लोराइड उपसून बाहेर टाकतात."

भिंगरी चालायची थांबली होती. "आणि माझे पंप..."

"नस तुटली की मज्जारज्जूत पुष्कळ उलथापालथ होते. त्यात ते पंप कमी होतात. उपसा मंदावतो, क्लोराइड आत साठतं. मग दार उघडलं तरी बाहेरून आत यायला जागाच कुठे? कधी कधी तर आतलंच बाहेर येतं. म्हणजे शेजारीण 'गप्प बस' म्हणतेय आणि हिला ऐकू येतंय 'बोंब मार'. त्या मन शांत करायच्या गोळ्या होत्या ना? त्या तीच दारं जास्त वेळ उघडी ठेवतात. दार उघडं ठेवून काय उपयोग, आत पूर आलेला असताना?"

भिंगरीनं मिठाची बाटली उचलून आपटली. मग एकदम म्हणाली, "मग पंप चालू करा की!"

"तेच करतोय आम्ही. एक रसायन आहे, पंपाला जोर देतं असं दिसतंय. उंदरांत."

ते शेवटचं वाक्य भाचीनं बोलायला नको होतं. भिंगरीनं तेवढंच धरलं. पुढच्या दिवसांत तिनं भाचीच्या नाकात दम आणला. सकाळी फोन, दुपारी फोन. "थोडंसं आण. डबीत घालून आण. कुणाला कळणार आहे?" भाची आधी समजावत राहिली, मग चिडली. "आत्या, ते औषध नाही! ते माणसाला कुणी कधी दिलेलं नाही!"

"उंदराला देतेस, सख्ख्या आत्याला नाही?"

"उंदीर मेला तर मी त्याच्या नवऱ्याला काय सांगू असा प्रश्न येत नाही!"

दोघींनी फोन आपटले. बोलणं बंद झालं.

भिंगरी काही स्वस्थ बसली नाही. एका सकाळी नवरा कामावर गेल्यावर तिनं पाइप बांधला आणि बस पकडली. लोक बघत होते. एका म्हातारबाबांनी आपुलकीनं विचारलं, "नळाचं काम का?" ती म्हणाली, "हो, गळतोय." प्रयोगशाळेच्या फाटकाशी पहारेकऱ्यानं अडवलं तेव्हा तिनं इतका आवाज केला की त्यानं घाईघाईनं वर फोन लावला. भाची खाली आली. चेहरा लाल.

"काय आहे हे?"

"तू आणत नाहीस, म्हणून मी आले."

भाची काहीतरी तिखट बोलणार होती. पण आत्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिला दिसली. तिनं पहारेकऱ्याला फाटक उघडायला सांगितलं. "चल. बघ एकदा. पण काही मागायचं नाही."

खोली छोटी होती. खिडकीवर जाड पडदा, मधे एक जड टेबल, हवेच्या पायांवर तरंगणारं, जेणेकरून जमिनीचा हादरा वर पोचू नये. टेबलावर सूक्ष्मदर्शक, आणि त्याखाली पाण्याच्या बशीत उंदराच्या मज्जारज्जूची पातळ चकती. भाचीनं काचेची सुई, डोळ्याला दिसणार नाही इतक्या बारीक टोकाची, एका पेशीला नेऊन टेकवली होती. पडद्यावर एक रेघ धावत होती. "ही पेशी जिवंत आहे," भाची हळूच म्हणाली. "हिचा उंदीर तुझ्यासारखा आहे. नस तुटलेला."

"बिचारा," भिंगरी म्हणाली आणि सवयीनं टेबलाभोवती फिरून पलीकडून बघायला निघाली.

"आत्या, पाय!"

टाचेचा ठोका फरशीवर पडला, टेबलाच्या कडेला तिचा पाइप लागला, रेघ उडाली आणि सपाट झाली. सुई निसटली होती. पेशी गेली. भाचीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. ती पेशी मिळवण्यात तिची अख्खी सकाळ गेली होती.

भिंगरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी जाते," ती म्हणाली.

"आता कुठं जातेस? उभी राहा. तिथं, कोपऱ्यात. हलू नकोस म्हणजे हलू नकोस."

मग भिंगरी उभी राहिली. जन्मात उभी राहिली नव्हती तशी. पायात मुंग्या आल्या, नाक खाजलं, पाइपातला हात धुमसत होता, आणि भाची पाठमोरी बसून सुई सरकवणारी खुंटी केसाएवढी फिरवत होती, थांबत होती, पुन्हा फिरवत होती. भिंगरीला तिची पाठ बघून भावाची आठवण झाली. तोही असाच मान खाली घालून घड्याळं उघडायचा. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर कुणाची तरी ढकलगाडी खडखडत गेली, दोघींनी श्वास रोखला. शेवटी रेघ पुन्हा धावू लागली.

"आता मी 'गप्प बस' म्हणणारं रसायन सोडते," भाची कुजबुजली. "धडधाकट पेशी असती तर रेघ खाली गेली असती."

रेघ वर गेली. वर गेली आणि तिच्यातून ताडताड टोकं उठली, एकामागून एक, फटाक्यांच्या माळेसारखी. भाचीनं छोट्या कर्ण्याचा आवाज वाढवला. प्रत्येक टोकाला टक्, टक्, टक्. गप्प बस म्हटल्यावर पेशी बोंबलत होती.

भिंगरीच्या गालांवरून पाणी ओघळलं. ते पुसायलाही ती हलली नाही. इतके दिवस ती जे सांगत होती आणि ज्यावर तिचा स्वतःचाही विश्वास उडत चालला होता, ते तिथे सगळ्यांना दिसेल असं पडद्यावर चाललं होतं.

नंतर भाचीनं ते नवं रसायन बशीत सोडलं. बराच वेळ काही नाही. मग टोकं विरळ झाली आणि रेघ हळूहळू खाली झुकली. भिंगरीचा हात आपोआप पुढे आला, जणू पडद्यातूनच ते काढून घ्यायचं होतं.

"थांब," भाची म्हणाली. "आता बाकीचं ऐक. ही पेशी शांत झाली. कालची झाली नाही. परवाची तर मेलीच. आणि ज्या उंदरांना हे टोचलं, त्यातले काही सुस्त पडले, खाईनात. का, ते आम्हाला माहीत नाही. माहीत असतं तर मी तुला काय ते सांगितलं असतं. आत्या, मला भीती वाटते. तू मागतेस म्हणून मला झोप येत नाही."

भिंगरी पहिल्यांदा त्या पोरीच्या डोळ्यांखाली बघत होती. तिथेही वर्तुळं होती.

"नाही मागत," ती म्हणाली. "पण माझं काहीतरी कर गं. मला असं जगवत नाही."

भाचीनं तिला नुसत्या दुखण्यावरच उपचार करणाऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई बारीक, खणखणीत आवाजाच्या, फार गोड बोलायची सवय नसलेल्या. त्या एक चाचणी घेत होत्या. अंगातलं पाणी लघवीवाटे काढून सूज उतरवायला वापरतात ते एक जुनं औषध. त्यानं क्लोराइड पेशीत शिरायची एक वाट अडते. "उपसा वाढवता येत नाही तर आवक तरी कमी करू, असा विचार आहे," त्या म्हणाल्या. "पण हे औषध मज्जारज्जूपर्यंत पुरेसं पोचतं का, याचीच मला शंका आहे. शिवाय निम्म्या लोकांना औषध नसलेली, नुसती पिठाची पांढरी गोळी मिळेल. कुणाला कुठली, मलाही कळणार नाही. उपयोग होईल असं मी म्हणत नाही. यायचं तर या."

"एवढं नको नको म्हणून कुणी बोलावलेलं मी पहिल्यांदा ऐकलं," भिंगरी म्हणाली. आणि गेली.

बाई मऊ कुंचल्यानं हातावर बाहेरून आत येत जायच्या, आणि जिथून आग सुरू होईल तिथे पेनानं रेघ मारायच्या. हातावर देशाच्या नकाशासारखी सीमा तयार झाली. गोळ्या सुरू झाल्या. पहिले दिवस फरक एकच: भिंगरीला सारखं लघवीला धावावं लागे. तिनं भाचीला विजयी आवाजात फोन केला, "मला खरीच मिळालीय! नुसत्या पिठानं कुणी एवढं पळतं का?"

"आत्या, तू तशीही पळतच असतेस," भाची म्हणाली. त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं.

त्याबरोबर बाईंनी तिला रोजचा अभ्यास दिला. आधी खरखरीत टॉवेल हातावर जोरानं, मग जरा हलक्यानं, मग सुती कापड, मग त्याहून मऊ. ती रडायची, शिव्या द्यायची, टॉवेल भिंतीवर फेकायची, जाऊन उचलून आणायची. नवरा शेजारच्या खोलीत उगाच एखादी कप्पी उघडून बसायचा, पण कान तिच्याकडे. आग रोज वेगळी. आज वाटायचं कमी झाली, उद्या दुप्पट. तिचा जीव सतत टांगणीला.

मग एका भेटीत कुंचला मनगटावर आला आणि ती ओरडली नाही. बाईंनी पुन्हा फिरवला. "काय वाटतं?"

"कुंचला वाटतो," भिंगरी म्हणाली. तिचा स्वतःवरच विश्वास बसेना. "कुंचल्यासारखा कुंचला."

सीमा मनगटावरून वर सरकली होती. फार नाही, पण सरकली होती. पुढे ती आणखी थोडी सरकली आणि अडली. कोपराच्या बाजूचा पट्टा धगधगतच राहिला. चाचणी संपली तेव्हा बाईंनी सरळ सांगितलं की एकूण लोकांत औषधाचा फायदा स्पष्ट दिसला नाही. भिंगरीला खरी गोळी होती हे खरं निघालं. पण तिला बरं वाटलं ते गोळीनं, की टॉवेलांनी, की नस आपल्या वेळेनं सावरली म्हणून, हे सांगता येत नाही.

"म्हणजे काय झालं ते कुणालाच माहीत नाही?" भिंगरीनं विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या.

तिला या उत्तराचा फार राग आला. दवाखान्याबाहेर रस्त्यावर ती तरातरा चालत राहिली, मागून नवरा जवळजवळ धावत. कोपऱ्यावर थांबून तिनं मनगट पुढे केलं. "हात लावा," ती म्हणाली. त्यानं घाबरत घाबरत एक बोट टेकवलं. ती थरथरली, पण हात तिथेच ठेवला. रहदारी खोळंबवून दोघं तसेच उभे होते, तोवर एका गाडीवाल्यानं कर्कश भोंगा वाजवला.

त्या वर्षीच भाचीचं रसायन बाद झालं. सुस्त पडणाऱ्या उंदरांचं कारण सापडलं: ते यकृताला झेपत नव्हतं. एवढ्या मेहनतीवर पाणी पडलं. भाची आत्याकडे येऊन भिंतीला टेकून बसली. भिंगरीच्या मनात आलं की तेव्हा या पोरीनं माझं ऐकलं असतं तर? पण तिनं ते बोलून दाखवलं नाही. तिनं चहा केला, पोरीला जबरदस्तीनं दोन पाव खायला घातले आणि विचारलं, "आता पुढचं कुठलं?"

"आहे एक," भाची नाक पुसत म्हणाली. "जरा वेगळ्या बाजूनं."

"मग रड आणि लाग कामाला."

भिंगरी दुकानात परतली, पण अर्धाच दिवस. कोपरापर्यंतचा हात झाकायला नवऱ्यानं पातळ पत्र्याचं हलकं कवच करून दिलं. पोरांना ते आवडलं, त्यांना वाटायचं बाई लढाईवरून आल्यात. पण लवकरच तिला दुसरंच काम लागलं.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे एक निवृत्त शाळामास्तरीण होत्या. नागिणीनंतर त्यांच्या डोक्याची एक बाजू पेटली होती. महिनोन्‌महिने त्यांनी डोक्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. केसांच्या जटा झाल्या होत्या, त्या जटांच्या ओढीनं आणखी दुखायचं. मुलीनं प्रयत्न केला तर त्यांनी तिला खोलीबाहेर काढलं. "तुम्ही बघाल का?" बाईंनी विचारलं.

भिंगरी गेली. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर मास्तरीणबाई खिडकीशी ताठ बसल्या होत्या. "हळू हात लावते असं म्हणू नका," त्या आल्या आल्या म्हणाल्या. "सगळे तेच म्हणतात."

"हळू नाहीच लावणार," भिंगरी म्हणाली. "गच्च धरते. सुटका नाही तुमची."

मास्तरीणबाईंनी वळून बघितलं.

भिंगरीनं केस आधी भरपूर पाण्यानं भिजवले, म्हणजे सुटी बट कुठे उडणार नाही, कुठे घासणार नाही. मग उजव्या हाताचा पंजा कवटीवर घट्ट दाबून धरला आणि विचारलं, "हे चालतं?" मास्तरीणबाई दचकल्या, थांबल्या, म्हणाल्या, "चालतं." मग तिनं डाव्या हातात कात्री घेतली आणि उजवा हात न उचलता, नुसता सरकवत सरकवत, कापायला लागली. डाव्या हातानं कापायची सवय नव्हती, पण एवढा दाब त्या हाताला झेपला नसता. काम वेडंवाकडं आणि हळू चाललं. बडबड मात्र पहिल्यासारखी. बसमधला नळाचा म्हातारा, उंदराचा नवरा, पिठाच्या गोळ्या. मधेच मास्तरीणबाई कळवळल्या, भिंगरी थांबली, पंजा आणखी घट्ट दाबला, पुन्हा सुरुवात. एकेक जट फरशीवर पडत गेली.

"असं का होतं हो?" मास्तरीणबाईंनी डोळे मिटून विचारलं. "मला वाटायला लागलं होतं की मला वेड लागलंय."

"वेड नाही. आत मीठ साठतं," भिंगरी म्हणाली. "म्हणजे अर्धं मीठ. माझी भाची नीट सांगेल. मी तिला घेऊन येते."

केस काही सरळ कापले गेले नाहीत. एका बाजूला आखूड, दुसऱ्या बाजूला त्याहून आखूड. मास्तरीणबाईंनी आरशात पाहिलं, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, आणि कधी नव्हे ते खिडकी उघडायला सांगितली. वारा आला तसा त्यांचा चेहरा आक्रसला. "थोडीच," त्या म्हणाल्या. "एवढीच फट."

भिंगरीनं फट बोटभर ठेवली. दारात मुलगी उभी होती, तिला आत यायचं की नाही ते कळत नव्हतं. भिंगरीनं तिला मनगटाला धरून आत ओढलं, तिचा तळवा आईच्या डोक्याच्या बऱ्या बाजूवर नेऊन ठेवला आणि म्हणाली, "दाबून. अजून. हां, असं." मग कात्री पिशवीत टाकली. खालच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंचा असाच आणखी एक रुग्ण तिची वाट बघत होता, आणि लिफ्ट यायला उशीर लागत होता म्हणून ती जिन्यानंच निघाली.